एक नळी, एक गोळी, भानगडी छप्पन्न

नळी मोडायची, एक काडतूस सारायचं, नळी मिटायची, चाप ओढायचा. संपलं! एकबारी रायफलीत दुसरी संधी लगेच मिळत नाही. तरीही अमेरिकेतले, जर्मनी-ऑस्ट्रियातले आणि आफ्रिकेतले हौशी शिकारी तिच्यावर जीव टाकतात. वर तिला मॅग्नम, म्हणजे दारू ठासून भरलेल्या दणकट काडतुसाची नळी बसवतात आणि मग दुकानात रंगीबेरंगी डब्यांपुढं डोकं खाजवत उभे राहतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेच्या शिकारीचा विषय मिटवला. पण त्या डब्यांमधली गंमत वाचायला कायद्याची आडकाठी नाही.

नळी बदला, हत्यार बदललं
१९६७ साली अमेरिकेत थॉम्प्सन/सेंटर कंपनीचं ‘कंटेंडर’ हे एकबारी पिस्तूल आलं. एक खीळ काढायची, जुनी नळी उतरवायची, दुसऱ्या मापाची चढवायची. सांगाडा तोच, काडतूस वेगळं! मॅग्नमचा दाब सोसणारी त्याची थोरली बहीण ‘एन्कोर’ नंतर आली. त्यामुळं या मंडळींत ‘रायफल कोणती?’ यापेक्षा ‘नळी कोणती?’ हा प्रश्न आधी येतो.

नावावर भाळू नका
‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’ हे काडतूस १९६३ चं. त्याची गोळी .३०० नव्हे, .३०८ इंच जाडीची. ‘७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम’ची गोळी ७.२ मिलिमीटर. ‘.४६० वेदरबी’ची चक्क .४५८ इंच! त्यात .३०० आडनावाची भावंडंही भरपूर: विंचेस्टर, वेदरबी, हॉलंड अँड हॉलंड, शॉर्ट मॅग्नम. गोळी एकाच जाडीची, पण पितळी पुंगळी प्रत्येकाची निराळी. नळीवर कोरलेलं अख्खं नाव आणि डब्यावरचं अख्खं नाव तंतोतंत जुळलं, तरच काडतूस आत जाऊ द्यायचं.

गोळी एक तोळ्याची
गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये जुनं लाडकं वजन म्हणजे १८० ग्रेन. आता आपली वही काढा: १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. राणीछाप चांदीचा रुपयाही तेवढाच. सराफाच्या आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्यापेक्षा ही गोळी थोडी वजनदारच.

मिनिटाला दोन लाख गिरक्या
नळीच्या आतल्या आट्यांना पीळ असतो. या मॅग्नमच्या नळीत साधारणपणे दर १० इंचांना एक फेरा. गोळी सुटते सेकंदाला सुमारे ९०० मीटरनं. हिशेब केला तर गिरक्या भरतात मिनिटाला दोन लाखांच्या वर! गिरकी कमी पडली तर गोळी हवेत डगमगते. किती पीळ पुरेल, याचं सोपं सूत्र ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलं. त्यातली मेख अशी, की पीळ ठरतो तो मुख्यतः गोळीच्या लांबीवरून. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. तांब्याची घ्यायची झाली, तर जाणते शिकारी वजनात एक पायरी खाली उतरतात.

चिखलानं हरवलं मॅग्नमला
१९४६ साल, कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया. जॉन नॉस्लर .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घेऊन मूस या अजस्र सांबरवर्गी प्राण्यामागं गेले. मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. भरधाव गोळ्या त्यावर आदळून वरच्या वर फुटल्या. नॉस्लर यांनी घरी परतून गोळीच्या पोटात आडवी भिंत घातली: पुढचा भाग फुलायचा, मागचा शाबूत राहून आत घुसायचा. त्यांची ‘पार्टिशन’ गोळी आजही विकली जाते. वेग वाढला की गोळीचा पिंडही तितकाच घट्ट लागतो, हे मॅग्नमवाल्यांनी तेव्हापासून गाठीला बांधलं.

युद्धात बंदी, शिकारीत सक्ती
लागल्यावर फुलणाऱ्या गोळीचं बदनाम नाव ‘दमदम’. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ती १८९० च्या दशकात बनली. १८९९ च्या हेग परिषदेनं अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली. शिकारीत मात्र उलटी गंगा! इंग्लंडमध्ये रायफलीनं हरीण मारायचं तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी, असं १९९१ चा कायदा सांगतो. कारण जनावर तडफडत राहू नये, जागीच संपावं.

बिनकामाचा कंबरपट्टा
बऱ्याच मॅग्नम काडतुसांच्या बुडाशी पितळी पट्टा दिसतो. तो लोकप्रिय केला १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडनं. तेव्हाची कॉर्डाइट दारू शेवयांसारख्या लांब काड्यांची, म्हणून काडतूस निमुळतं आणि खांदा उतरता. ते नळीत फार आत सरकू नये म्हणून पट्टा. .३०० विंचेस्टरला चांगला उभा खांदा आहे, पट्ट्यावाचून त्याचं काही अडत नाही. पण मॅग्नम म्हटलं की गिऱ्हाइकाला पट्टा लागायचा!

लहान चण, मोठा दणका
एकबारीत मॅगेझिन नाही, त्यामुळं नळी तेवढीच ठेवूनही रायफल आखूड आणि हलकी. काडतूस मॅगेझिनच्या खोक्यात मावतं का, ही चिंताही नाही. पण हलकी रायफल खांद्याला जोरात लाथ घालते. नळीच आखूड केली, तर दारूचा काही भाग तोंडाबाहेर जळतो: आवाज मोठा, जाळ मोठा, वेग कमी. म्हणून मॅग्नम नळ्या बहुधा २४ किंवा २६ इंची.

गिधाडानं बदलला डबा
कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे महाकाय गिधाड १९८२ मध्ये जगात अवघं २२ उरलं होतं. शिकारीनंतर रानात टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन त्यांना विषबाधा व्हायची. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. तिथं डबा उचलताना पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, धातूचा असतो.

कॉर्बेटची मॅग्नम नव्हती
चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल होती .२७५ ची, म्हणजे साधी ७ मिलिमीटरची. आफ्रिकेत ‘कारामोजो’ बेल यांनी हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले पुष्कळ याच मापानं. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ च्या खाली परवानगी नाही. सगळ्यांचा नेम बेलसारखा नसतो, हे कायद्याला पक्कं ठाऊक आहे.

शेवटचा शब्द नळीचा
एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांना वेगवेगळे डबे मानवतात. म्हणून तीन-चार प्रकार आणून, नळी थंड असताना, कागदावर नेम धरून बघायचा. शिकारीत थंड नळीतली पहिलीच गोळी कामाची असते. छिद्रं जवळजवळ पडली, की मुरलेला शिकारी त्याच लॉट क्रमांकाचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले डबे एकदम उचलतो. लॉट बदलला की पुन्हा नवा कागद, पुन्हा नवी परीक्षा!