चिंचोक्यांचा डबा

सातपुड्यातल्या आमच्या शाळेत पहिली ते चौथीची मुले एकाच वर्गात बसतात. एकाची गणिते दहा मिनिटांत होतात, दुसऱ्याला अर्धा तास लागतो. लवकर उरकणाऱ्याला आणखी गणिते दिली, की दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम रेंगाळतो. मुले काही खुळी नसतात. म्हणून मी कोपऱ्यात चिंचोक्यांचा डबा ठेवला आहे.

सर्वांत आवडता खेळ २१ चिंचोक्यांचा. दोघांनी आळीपाळीने १, २ किंवा ३ चिंचोके उचलायचे. शेवटचा ज्याला उचलावा लागेल तो हरला. यात एक मेख आहे. दुसऱ्या गड्याने प्रत्येक वेळी दोघांचे मिळून ४ होतील एवढेच उचलले, तर पाच फेऱ्यांत २० संपतात आणि उरलेला एक पहिल्याच्या गळ्यात पडतो. हे मी कुणाला सांगत नाही. मुले स्वतः शोधतात, आणि तेव्हा भागाकार व बाकी त्यांच्या हातात आलेली असते.

घरी पावरी बोलणारी ही मुले माझ्यापुढे मराठी बोलायला लाजतात. खेळाच्या भरात मात्र मराठीत मोजतात, भांडतातही.

एक पथ्य पाळावे लागते. डबा फक्त हुशारांचा झाला, तर बाकीचे घाईघाईत चुकीचे उरकतात. त्यामुळे शनिवारचा शेवटचा तास सगळ्यांचा.

आपण कधी शाळा पाहायला आलात, तर मुले मोठ्या आदराने पहिली पाळी आपल्यालाच देतील. सावध राहा.