अक्षरांशी अडखळणारी मुले

अध्ययन अक्षमता असलेले मूल वर्गात चटकन ओळखू येत नाही. धडा तोंडी विचारला तर ते घडाघडा सांगते. वहीत मात्र ‘घ’चा ‘ध’ होतो, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांची अदलाबदल होते, फळ्यावरचे उतरवून घेताना अख्खी ओळ सुटते. ‘आळशी’ हा शिक्का इथेच बसतो, आणि तो पुसणे निदानापेक्षाही अवघड.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत या अक्षमतेचाही समावेश केला. अशी मुले लवकर हेरून त्यांना साजेशा पद्धतीने शिकवणे ही शाळेची जबाबदारी ठरली. सुरुवात साध्या गोष्टींपासून होते: पुढचा बाक, मोठ्या टाइपातला मजकूर, लेखीऐवजी तोंडी उत्तर. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक बहुधा अनेक शाळांत फिरतात. रोजचा भार शेवटी वर्गशिक्षकावरच.

बोर्डाच्या परीक्षेत प्रमाणपत्राच्या आधारे जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला असतो, म्हणजे उत्तर परीक्षार्थीचेच राहते. पण सांगून लिहवून घेणे हेही एक कौशल्य आहे. सलग, पूर्ण वाक्यांत आणि समोरच्याच्या लिहिण्याच्या वेगाने बोलण्याचा सराव परीक्षेच्या बराच आधी करून घ्यावा लागतो.