उन्हात ठेवलेला सेल

सेलचं एक शास्त्र आमच्या पिढीच्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. ट्रान्झिस्टर कण्हू लागला, बॅटरीचा उजेड पिवळा पडला की सेल काढायचे आणि दुपारच्या उन्हात मांडायचे. रात्रीच्या बातम्यांपुरता जीव त्यांत यायचाच. आज मुलांच्या रिमोटच्या ट्रकला बॅटरी कोणती घ्यावी, हे लिहायला बसले आहे ती याच शास्त्राने मला तोंडघशी पाडलं म्हणून.

गेल्या मे महिन्यात लेक, जावई आणि नातू घोलवडला आमच्याकडे राहायला आले. नातवाचा ट्रक चांगला दीड फूट लांब, जाड रबरी चाकांचा. ओहोटीला आमच्या किनाऱ्याची ओली वाळू सडकेसारखी कडक होते. सुरूच्या झाडांपासून थेट पाण्यापर्यंत पोराने ट्रक दामटला. दमून घरी आला आणि बॅटरी ट्रकला तशीच जोडलेली राहिली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी चार्जरला लावली, तर थोड्या वेळात पुरीसारखी टम्म फुगली. मी ती काढून घेतली. अंगणात चिकूच्या फोडी वाळत होत्या, त्यांच्या शेजारीच ठेवून दिली. जावईबापू चहाचा कप टाकून धावले. "आई, ती उन्हात नको! पेट घेईल!"

त्यांचं खरं होतं. जुना जस्ताचा सेल उन्हाने तापला की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, म्हणून घटकाभर चालतो. ही बॅटरी होती लिथियम पॉलिमरची. मऊ पाकिटातली, दुकानदार जिला 'लिपो' म्हणतात ती. तिच्या एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरली की ती बिघडते, आणि अशी बिघडलेली चार्ज केली की आत वायू धरून फुगते. फुगलेली बॅटरी तापणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तेव्हा ट्रक घेताना बॅटरीची चौकशी आधी करावी. दुकानात पोराचं लक्ष चाकांकडे असतं, आपलं किमतीकडे.

लहान खेळण्यातल्या ट्रकला बहुधा पेन्सिल सेल लागतात. दर आठवड्याला नवे आणण्यापेक्षा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घ्यावेत. साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ चा. चार साध्या सेलचे सहा व्होल्ट होतात, याचे ४.८. त्यामुळे एखादा ट्रक किंचित हळू वाटेल, पण हे सेल शेवटपर्यंत नेटाने चालतात. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत, एवढं मात्र पाळावं.

मोठ्या ट्रकला याच जातीच्या सहा सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक मिळतो, किंवा लिथियमचा दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा. लिथियम हलका, जोरदार. ट्रक अक्षरशः उसळतो. पण माझं मत विचाराल तर, ज्या घरात मूल स्वतःच बॅटरी लावतं-काढतं, तिथे निकेलचाच पॅक घ्यावा. त्यालाही जपावं लागतं, पण जरा हेळसांड झाली तरी तो एवढ्या लवकर डाव उलटवत नाही. लिथियम घ्यायचाच असेल तर घरातलं कुणी मोठं माणूस रोज लक्ष घालणार आहे का, हे आधी ठरवा. शिवाय ट्रकमध्ये लिथियमचा दाब उतरला की आपोआप बंद करणारी सोय हवी, आणि ती चालू केलेली हवी.

पॅकवर ३००० असा आकडा असतो. तो आपल्या पाण्याच्या टाकीसारखा समजा: टाकी मोठी तेवढा वेळ जास्त. ट्रक सरासरी दहा अँपिअर ओढत असेल तर ३००० चा पॅक अठरा मिनिटं पुरेल. भुसभुशीत वाळूत त्याहून लवकर संपेल. म्हणून एका मोठ्या पॅकपेक्षा मध्यम आकाराचे दोन बरे. एक निवेपर्यंत दुसरा चालतो. गरम पॅक लगेच चार्जरला लावायचा नाही.

चार्जर ज्याचा त्यालाच वापरावा. निकेलचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे दुधाचं भांडं गॅसवर ठेवून बाजारात जाणं. चार्जिंग फरशीवर करावं. गादीवर, पडद्याजवळ किंवा सगळे झोपल्यावर नको. मी स्वतः मातीची कुंडी वापरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मात्र नको: त्यात वायू कोंडतो, आणि तारा धातूला टेकल्या तर ठिणगी पडते.

"बॅटरी पूर्ण उतरवून मगच भरावी" असं कुणी सांगेल. ती जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली शिकवण. लिथियमला ती मारक आहे. सुट्टी संपून ट्रक माळ्यावर जाणार असेल तर लिथियम अर्धवट भरलेली ठेवावी, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. पॅक ट्रकपासून सोडवून ठेवणं मात्र दोन्हींना लागू.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना खाऱ्या हवेचा जाच वेगळाच. ट्रकवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी लाटेत घालू देऊ नका. खारं पाणी जोडाच्या पितळी टोकांवर हिरवट थर आणतं. घरी आल्यावर ब्रशने वाळू झाडावी, टोकं कोरड्या फडक्याने पुसावीत. खाऱ्या पाण्यात बुडालेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही.

आमची ती फुगलेली बॅटरी जावईबापूंनी वाडीच्या टोकाला, वाळू भरलेल्या जुन्या घमेल्यात ठेवली आणि पुढे ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. घरच्या कचऱ्यात टाकायची नाहीच. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा नवी घेतानाच दुकानात विचारून ठेवावं. चिकूच्या त्या फोडी मात्र मी पुन्हा धुऊन दुसऱ्या ताटात घातल्या. नातू म्हणाला, "आजी, बॅटरी फुटली नव्हती काही." नसेना का.