मांजराचे पाळणाघर

लहान मुलांचे पाळणाघर आपल्या परिचयाचे आहे. परंतु मांजरासाठीही पाळणाघर असते असे सांगितले, तर खेड्यातील वाचकांना हसू येईल. ते स्वाभाविकच आहे. पूर्वी आपले घर सहसा रिकामे पडत नसे. मंडळी लग्नाकार्याला गेली, तरी ओसरीवर आजी असे आणि मनीला मासळीभाताचा घास मिळे. आता मुले वडोदऱ्यास, हैदराबादेस नोकरीला. कोणाचे आजारपण वा बाळंतपण निघाले की घराला कुलूप लागते. म्हणूनच शहरांतून मोबदला घेऊन मांजरे सांभाळणारी पाळणाघरे निघाली आहेत.

कुत्रा धन्याला धरून राहतो आणि मांजर घराला, असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यात पुष्कळ तथ्य आहे. मांजर दाराच्या चौकटीला, खांबाला गाल घासते, तेव्हा ते तेथे आपला गंध ठेवीत असते. त्या गंधावरून ही जागा आपली व निर्भय आहे, हे त्याला कळते. घरची माणसे दूर गेल्यापेक्षा जागा बदलल्याचीच भीती त्याला बहुधा अधिक वाटते. यास्तव दोन-चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर मांजर घरीच ठेवावे आणि विश्वासू शेजाऱ्याच्या हाती किल्ली देऊन दिवसातून दोनदा अन्नपाण्याची सोय करावी. तसे कोणी नसेल किंवा मुक्काम लांबणार असेल, तरच पाळणाघराचा विचार करावा.

पाळणाघर आधी स्वतः जाऊन पाहावे. आतली जागा दाखविण्यास जो का-कू करतो, त्याच्या हाती आपला मुका जीव देऊ नये. आत शिरताच उग्र दर्प येतो काय? कुत्री जवळच भुंकत असतात काय? मनुष्याला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. मांजराला ६०,००० च्याही पलीकडचा येतो. आपल्याला जो केवळ गलका, तो त्याला किती जाचत असेल! प्रत्येक मांजराला स्वतंत्र खण, लपायला खोके, बसायला उंच फळी आणि अन्नापासून दूर मातीचे तबक हवे. बाहेरच्या दाराआत दुसरे दार असावे, म्हणजे एक उघडले तरी मांजर निसटणार नाही.

लसीचा दाखला मागणारे पाळणाघर चांगले समजावे. न मागणारे टाळावे. पॅनल्युकोपेनिया नावाचा वांती-जुलाबाचा रोग पिलांना फार घातक असून त्याचे विषाणू जागेत वर्षभरही टिकू शकतात. सर्दीचे रोग शिंकेवाटे पसरतात, म्हणून खणांमध्ये भरीव आडोसा हवा. या रोगांवरील लस आणि रेबीजची लस मांजर पाठविण्यापूर्वी निदान दोन आठवडे तरी टोचून घ्यावी.

सांभाळणाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मांजराने खाणे सोडले, तर तुम्ही काय कराल? दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून प्राणावर बेतू शकते. दुसरा प्रश्न असा, की तबक रोज कोण पाहतो? बोक्याची लघवी अडली, तर एका दिवसाचा विलंबही जीवघेणा ठरतो. ‘डॉक्टरांना तत्काळ दाखवू’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या डॉक्टरांना, तेही विचारून ठेवावे. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, हेही बजावून सांगावे.

मांजर पोचविताना झाकणाच्या टोपलीतून न्यावे. सोबत त्याच्या निजेचे न धुतलेले फडके आणि नेहमीचे अन्न द्यावे. त्या फडक्यातच त्याचे घर असते.

राहता राहिली ती माणसे, जी ‘मांजर काय, कुठेही पोट भरील’ असे म्हणून त्याला बाहेर काढून कुलूप लावतात. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट दूरच राहो. ज्याने वर्षानुवर्षे आपल्या कणगीतले धान्य उंदरांपासून राखले, त्याच्या चार दिवसांच्या मुक्कामाची तजवीज करणे एवढे देणे प्रत्येक घर लागते.