कानात बोळे घालून

बँकेच्या नोकरीतली माझी निम्मी वर्षं बदलीच्या गावी गेली. एसटी स्टँडासमोरचं लॉज, मंगल कार्यालयाच्या वरची खोली, एकदा तर पिठाच्या गिरणीला भिंत लागून असलेलं घर. सगळीकडे मी गाढ झोपलो. पाठ टेकली की काम झालं. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी औषधांच्या दुकानात उभं राहून, "कानात घालायचे बोळे आहेत का हो?" असं विचारण्याची पाळी येईल, असं कधी वाटलं नव्हतं. दुकानातल्या मुलाने पहिल्यांदा मला कापूस दिला.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या रस्त्याकडे. नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत, हे ठाणेकरांना सांगायला नको. आमच्या समोरच्या दोन पडल्या आणि तिथे आता मोठा टॉवर उभा राहतो आहे. दिवसा काय चालायचं ते चालो. पण रात्री साडेअकराला काँक्रीटचे मिक्सर ट्रक येतात. आधी इंजिनाची घरघर, मग मागे येताना वाजणारा तो पिपाणीसारखा भोंगा, मग पंप आणि त्यावर मुकादमाच्या आरोळ्या. एक ट्रक रिकामा झाला की दुसरा. पहाटे तीनपर्यंत.

कायदा मला पाठ आहे. निवृत्त अधिकाऱ्याला दुसरं काम काय? २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. आणि डेसिबल हे सरळ व्याज नव्हे. आकडा दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं रात्री चालवू नयेत, ही तरतूदही २०१० साली त्यात आली. मी पोलिसांना फोन केला. ते आले, काम थांबलं, दोन रात्री शांतता. तिसऱ्या रात्री साडेअकराला घरघर सुरू. असं तीनदा झालं. चौथ्यांदा फोन करायला हात उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हा पळपुटेपणा झाला, मान्य आहे. पण झोप न झालेल्या माणसाच्या अंगात लढाईचं बळ नसतं.

तर बोळे. कापसाने वारा अडतो, आवाज नाही. लहानपणी थंडीच्या प्रवासात आई आमच्या कानात कापूस घालायची तो वाऱ्यासाठी. आवाज म्हणजे हवेचीच थरथर. ती कापसाच्या पोकळ धाग्यांतून बिनदिक्कत आत जाते. मग नाशिकच्या लेकीने फोमचे बोळे पाठवले. भडक केशरी रंग, आकार बंदुकीच्या गोळीसारखा. पहिला आठवडा मी ते नुसतेच कानाच्या तोंडाशी खोचत होतो. सकाळी एक उशीखाली सापडायचा, दुसरा पलंगाखाली.

खोक्यावरची सूचना वाचल्यावर उलगडा झाला. निरांजनाची वात वळतो तसा बोळा दोन बोटांत बारीक वळायचा. मग दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. (आमच्या मास्तरांची कान धरण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती म्हणायची.) बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. सकाळी काढताना हळूहळू पिळून बाहेर घ्यायचा. एकदम ओढला तर पडद्याला ताण बसतो. हे जमलं त्या रात्री मिक्सर ट्रक दोन गल्ल्या पलीकडे गेल्यासारखा वाटला. त्याऐवजी ऐकू आला तो माझाच श्वास आणि छातीतला ठोका. कान बुजले की आतले आवाज मोठे होतात, हे ठाऊक नव्हतं. क्षणभर मला हृदयविकाराचीच शंका आली.

तीन आठवडे मी सुखाने झोपलो.

पुढचं सांगायला अजूनही जड जातं. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती आतल्या खोलीत झोपते. रात्री एकदा-दोनदा उठते, आणि उठताना हाक मारते. मी नाहीतर बायको, कुणीतरी जाऊन हात देतो. त्या वेळी बायको लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलेली. मी एकटा, कानात बोळे. सकाळी साडेपाचला जाग आली, बोळे काढले, दूध तापवायला निघालो, तर पॅसेजमध्ये आई जमिनीवर बसलेली. भिंतीला टेकून. अंगाभोवती स्वतःची गोधडी.

"चार हाका मारल्या रे," ती म्हणाली. "मग म्हटलं, दमला असेल."

किती वाजल्यापासून बसली होती हे तिलाही सांगता येईना. बाथरूममधून परतताना पायातलं बळ गेलं, म्हणून भिंत धरून हळूच खाली बसली. पडली नव्हती, हाड शाबूत होतं. पण तिचे पाय फरशीसारखे गार पडले होते. मी ते कितीतरी वेळ हातात धरून बसलो. दूध उतू गेलं.

त्याच सकाळी बोळे कचऱ्यात टाकले. लागोपाठ तीन रात्री टक्क जागा राहिलो. चौथ्या दिवशी आईची सकाळची रक्तदाबाची गोळी मी तिला दुपारी दुसऱ्यांदा देणार होतो. तिनेच हात मागे घेतला. न झोपलेला राखणदारही काही कामाचा नसतो.

त्यातच उजवा कान ठणकू लागला म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. बोळ्याने मळ आत ढकलून पडद्याजवळ बसवला होता. तो काढता काढता डॉक्टरांनी चौकशी केली, आणि एकच जोडी तीन आठवडे वापरली हे ऐकून हात जोडले. फोम धुऊन पुन्हा वापरायची वस्तू नव्हे. चार-सहा दिवसांनी टाकायची, आणि हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही. मग मी त्यांना आईचं सांगितलं. ते म्हणाले, हे बोळे बारीक, उंच पट्टीचा आवाज जास्त अडवतात आणि खालच्या पट्टीची घरघर कमी. शिवाय ट्रकचा हादरा भिंतीतून, पलंगातून हाडांपर्यंत पोचतोच. म्हणजे ज्याच्यासाठी मी कान बंद केले तो ट्रक थोडाफार ऐकू येत होता, आणि म्हातारीचा कापरा आवाज मात्र साफ पुसला जात होता.

तेव्हापासून मी बोळ्यांची निवड कर्जाच्या अर्जासारखी करतो. खोक्यावर आवाज किती डेसिबलने घटेल तो आकडा छापलेला असतो. अमेरिकन मालावर तो ३३ पर्यंत जातो. पण व्यापाऱ्याने मालाची जी किंमत लिहून दिली तीवर बँक कधी कर्ज देते का? अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी असलेल्या सरकारी संस्थेने १९९८ साली सल्ला दिला होता, की फोमच्या बोळ्यांचा छापील आकडा निम्माच धरावा. आणि मला आता तो मोठा नकोच होता. मी कुशीवर झोपणारा. रबरी, छत्रीवर छत्री असलेले बोळे उशीला टेकले की आत टोचतात. ते कारखान्यात चांगले. सिलिकॉनची मऊ गोळी कानाच्या तोंडावर थापायची असते, आत कोंबायची नसते; ती टोचत नाही, पण केसांना चिकटते. माझे केस उरलेत किती, हा भाग वेगळा. शेवटी मन बसलं ते मेणाच्या बोळ्यांवर. बोटांनी मळले की मऊ होतात, कानाचा आकार घेतात, आणि फोमइतके घट्ट नसल्याने जग पूर्ण बंद होत नाही.

मेणाला इतिहासही आहे. बर्लिनच्या माक्स नेगवर नावाच्या औषधविक्याने १९०७ साली 'ओहरोपॅक्स' हे मेण-कापसाचे बोळे काढले. काफ्का ते वापरत असे. दिवसा प्राग शहरातल्या विमा संस्थेत नोकरी, रात्री लेखन, आणि भोवती भाडेकरूंचा गलबला. माझ्यासारख्या बँकेतल्या कादंबरीकाराला हे वाचून उगीचच नातं जुळल्यासारखं वाटलं. नेगवरला कल्पना सुचली म्हणतात ती होमरच्या ग्रीक महाकाव्यावरून. जलकन्यांच्या घातकी गाण्यापासून वाचवायला ओडिसियस खलाशांच्या कानात मेण भरतो. स्वतःचे कान मात्र उघडे ठेवतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. ही गोष्ट कॉलेजात वाचली होती. सगळ्यांचे कान बंद नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

बायको परतल्यावर आम्ही तसंच ठरवलं. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तशी पाळी. एका रात्री एकाचेच कान बंद. शिवाय आईच्या उशाशी दाराच्या बिनतारी बेलचं बटण लावलं, बेल आमच्या डोक्याशी. बोळे घातल्यावर दिवा मालवण्यापूर्वी बायको ते बटण दाबते, मी मान हलवतो, मगच झोपायचं.

पहिल्याच रात्री दोन वाजता बेल वाजली. समोर पंप चालू होता. पाळी बायकोची असूनही मीच धडपडत गेलो. आई उशीला टेकून बसली होती.

"काय गं? काय हवंय?"

"काही नको. वाजते का बघितलं."

मी परत फिरलो, तर म्हणाली, "ते कानात काय घालतोस, दाखव." मी मेणाची गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती खिडकीतून येणाऱ्या क्रेनच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली, दाबली, वास घेतला.

"मला देशील का एक जोडी?" ती म्हणाली. "गेले पाच महिने डोळ्याला डोळा नाही."