हनुवटीवरचे तीन ठिपके

सकाळी ८
कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, तोंडात मात्र वडसाच. स्टुडिओचं शटर वर केलं की पहिलं काम स्कॅनरची काच पुसायचं. जुने फोटो मी ६०० डीपीआयवर स्कॅन करतो. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये जवळपास २४ ठिपके बसतात. काचेवर अर्ध्या मिलिमीटरचा कण राहिला तर पडद्यावर तो बारा ठिपके रुंद दिसतो आणि दिवसभराच्या कामात भर घालतो.

सकाळी ९
भरतीचा अर्ज भरायला निघालेली पोरं येतात. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, ४ बाय ६ इंचाच्या कागदावर आठ. मागचं पांढरं करून देतो, उजेड सारखा करतो. आज एकानं भुवईवरचा व्रण काढायला सांगितला. मी नाही म्हटलं. माणसाची ओळख पटवायचा फोटो आहे, ओळखीची खूणच काढून कसं चालेल? त्याला पटलं.

सकाळी १०
दिवाळी ते होळी हा झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम. वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, आणि मंडईची जत्रा किंवा शंकरपटाची बैलशर्यत भरते त्या गावांत रात्रभर नाटक चालतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आज एका नव्या नाटकाचा फ्लेक्स आहे. नायिकेचा फोटो तिच्या घरच्या भिंतीसमोर काढलेला; भिंत काढून तिथं वाडा आणायचा आहे.

नवीन पोरं इथं सरळ इरेजर फिरवतात. इरेजरनं खोडलं ते गेलं. मी मास्क लावतो. काळ्या ब्रशनं झाकायचं, पांढऱ्या ब्रशनं पुन्हा उघडायचं. तासाभरानं निर्मात्यांचा फोन आलाच, “पदराचा काठ पूर्ण दिसू द्या जी.” पदर मास्कखाली शाबूत होता. पांढरा ब्रश फिरवला, काठ परत आला.

सकाळी ११:३०
कुरखेड्याकडची एक मावशी आली. पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. तिच्या आईचा एकुलता एक फोटो. आमच्याकडचा पाऊस आणि मातीची भिंत, दोन्हींनी मिळून फोटोला बुरशी लावलेली, आणि फोटो काचेला घट्ट चिकटलेला. असा फोटो ओढून काढला तर चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. म्हणून काचेसकट स्कॅन केला.

मूळ स्कॅनला मी हात लावत नाही. वर एक रिकामा लेयर घेतो आणि सगळी दुरुस्ती त्यावर करतो. क्लोन स्टॅम्पचं काम सोपं आहे: ऑल्ट दाबून स्वच्छ जागा दाखवायची, मग तिथला नमुना ब्रशनं डागावर ठेवायचा. हीलिंग ब्रश पोत तिथूनच उचलतो, पण रंग आणि उजेड डागाच्या आजूबाजूचा घेतो. म्हणून गालावर हीलिंग चालतो. लुगड्याच्या काठाशी तो गडद रंग ओढून फासतो, तिथं क्लोनच लागतो. मागच्या सारवलेल्या भिंतीसाठी दर दोन-तीन फटकाऱ्यांनी जागा बदलत गेलो. एकाच जागेचा नमुना पुन्हा पुन्हा ठेवला तर भिंतीवर छापील कापडासारखी नक्षी उमटते आणि दुरुस्ती लगेच ओळखू येते.

भिंत झाली, लुगडं झालं, गाल झाले. हनुवटीवर तीन काळे ठिपके होते. मी ब्रश ठेवला, एक गेला.

“थांब बापू,” मावशी शेजारच्या स्टुलावरून उठली. “थे डाग नोहे. मायचं गोंदन होय.”

मी लगेच कंट्रोल-झेड दाबलं. ठिपका परत आला. मावशी म्हणाली, “डागिने इथंच राहतेत. गोंदन तेवढं मानसासंगं जाते.”

मग दोघांनी मिळून चेहरा मोठा करून पाहिला. बुरशी कागदावर वरून बसलेली असते, तिची कड तीक्ष्ण असते, तिला बारीक फाटे फुटलेले दिसतात. गोंदण फोटोतलंच, म्हणून ते डोळ्यांइतकंच मऊ उमटलेलं. हा फरक एकदा कळला की पुष्कळ काम सोपं होतं. तरी दोन भुवयांच्या मधे दोन ठिपके असे होते की मला ठरवता येईना. मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं, “हा तिचा. हा नाई.”

दुपारी २
डबा. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं आणि प्रिंटवर बारीक ब्रशनं काम करत. फोटोशॉप १९९० साली आलं, हीलिंग ब्रश २००२ साली. २०१० पासून तर नुसती जागा निवडली की सॉफ्टवेअर स्वतःच ती भरून देतं. आधी एका चेहऱ्याला अर्धा दिवस जायचा. त्या वेळात घरचा माणूस समोर बसून चेहऱ्याबद्दल बोलायचा. वेग आला हे चांगलंच झालं, पण सॉफ्टवेअरला गोंदण आणि बुरशी सारखीच. फरक सांगणारं माणूस समोर हवंच.

दुपारी ४
ब्रह्मपुरीकडचा एक मुलगा मोबाइल घेऊन आला. एका फोटोत गावाचा रस्ता, दुसऱ्यात ताडोबातला वाघ. “वाघ रस्त्यावर बसवून द्या दादा, ग्रुपवर टाकतो.” पंधरा मिनिटांचं काम. मी केलं नाही, आणि का नाही ते त्याला बसवून सांगितलं. त्याच्या भागात वाघ खरोखर येतो, माणसं मरतात. खोट्या फोटोनं वनरक्षक भलत्या रस्त्यावर धावतील. मोहाचा हंगाम तोंडावर आहे. पहाटे मोहफुलं वेचायला बाया जातात. दोनदा खोटी आवई उठली तर तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, एकाच वाघाच्या दोन्ही कुशींचेही वेगळे. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजतात ते पट्ट्यांवरूनच, म्हणजे हा वाघ ताडोबातला आहे हेही ओळखू येऊ शकतं. मग त्याला बातमीच्या फोटोची एक गोष्ट सांगितली. २०१४ च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं नार्सिसो कॉन्त्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता, तो त्यानं क्लोन करून पुसला होता. एका कोपऱ्यासाठी एवढं होतं, तर इथं प्रश्न अख्ख्या गावाचा होता. मुलगा फोटो न घेता गेला.

संध्याकाळी ६:३०
मावशी बाजार करून परत आली. आठ बाय दहाचा प्रिंट हातात घेतला आणि आधी हनुवटी पाहिली. तीन ठिपके मोजले. मग डोळे पाहिले.

रात्री ९
दिवसाच्या फायली लेयरसकट ठेवतो, एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मूळ स्कॅन वेगळा, हात न लावलेला. उद्या माझी चूक कोणाच्या लक्षात आली तर तिथून पुन्हा सुरुवात करता येते.

वाचणाऱ्यांना एक विनंती. घरातला जुना फोटो दुरुस्तीला द्याल तेव्हा तो काचेपासून ओढून काढू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. आणि फोटो एकटा पाठवू नका. तो चेहरा ज्यानं जवळून पाहिला आहे असं घरातलं एक माणूस सोबत पाठवा.