देवळीतून ॲनिमेशन शिकायला जाताय? फी भरण्याआधी हे तपासा

कापसाचे पैसे लाखोंच्या फीत घालण्याआधी चार गोष्टी बघा.

१. पदवी की प्रमाणपत्र? पदवी सांगत असतील, तर विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत शोधा.

२. जुन्या विद्यार्थ्यांचे शोरील मागा. स्टुडिओ नोकरी देताना सर्टिफिकेटपेक्षा शोरील बघतात. '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील, तर कुठे आणि किती पगारावर, हे लेखी विचारा.

३. सरकारी संस्था विसरू नका. अहमदाबादच्या एनआयडीत ॲनिमेशन फिल्म डिझाइन शिकवतात. प्रवेश 'डॅट' परीक्षेतून. आयआयटी मुंबईच्या बी.डेस.साठी 'यूसीड' द्यावी लागते. त्यासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते.

४. आधी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन उसळणारा चेंडू करून बघा. एका सेकंदाला २४ फ्रेम्स लागतात. महिनाभरानंतरही कंटाळा आला नाही, तरच फी भरा.